आकाशाच्या उजेडात हरवलेल्या दीर्घिका : पृष्ठीय तेजस्वितेच्या मोजमापाचा इतिहास

१/
देवयानी दीर्घिकेला दोन लहान सोबती आहेत. दोघींचा एकूण प्रकाश मोजला तर फरक जवळजवळ नाही. दोघीही ८ व्या प्रतीच्या आसपास. पहिली, एम ३२, फ्रेंच खगोलविद गियोम ल जांती याला १७४९ मध्ये दिसली. दुसरी, एम ११०, शार्ल मेसिए याच्या नजरेस १७७३ मध्ये पडली. आकाशाचा भाग तोच, प्रकाशही जवळजवळ तेवढाच. मग मध्ये २४ वर्षे का गेली? उत्तराचा मोठा भाग एका राशीत आहे : पृष्ठीय तेजस्विता. ही राशी मोजायला माणूस कसा शिकला आणि मोजताना कसा फसला, त्याचा हा धागा.

२/
ल जांतीचे नाव भारताच्या इतिहासातही येते. शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी तो पाँडिचेरीला निघाला, पण ते ठाणे इंग्रजांच्या हाती गेल्यामुळे १७६१ चे अधिक्रमण त्याला हेलकावणाऱ्या जहाजावरून पाहावे लागले. त्यातून उपयुक्त मोजमाप निघाले नाही. तो आठ वर्षे थांबला. १७६९ मध्ये पाँडिचेरीत ऐन वेळी ढग आले. त्याच माणसाने या दुर्दैवी प्रवासाच्या कितीतरी आधी, तरुणपणी, देवयानीजवळचा तो छोटा, गच्च ठिपका अचूक टिपला होता. ‘गच्च’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे.

३/
आकाशातील आकार कोनात मोजतात. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. पूर्ण चंद्राची रुंदी सुमारे ३० कला. एम ३२ चा विस्तार साधारण ९ बाय ६.५ कला, तर एम ११० चा २२ बाय ११ कला. म्हणजे जवळजवळ तेवढाच प्रकाश एम ११० मध्ये चौपटीहून अधिक क्षेत्रावर पसरलेला आहे. मूठभर रांगोळी पाटावर टाकली तर पाट पांढरा दिसतो. तीच मूठ अख्ख्या अंगणात उधळली तर अंगण सारवलेलेच दिसते. रांगोळी मात्र तेवढीच असते.

४/
दीर्घिकेच्या एक चौरस विकला तुकड्यातून जितका प्रकाश येतो, ती तिची पृष्ठीय तेजस्विता. ती ‘दर चौरस विकलेला इतकी प्रत’ अशी सांगतात. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. एम ३२ ची सरासरी २१ च्या जवळ येते, एम ११० ची २२.७ च्या जवळ. आता शहरापासून दूर, चंद्र नसलेल्या रात्रीचे आकाश पाहा. वातावरणाची मंद दीप्ती, धुळीवरून विखुरलेला सूर्यप्रकाश आणि अंधूक ताऱ्यांचा प्रकाश मिळून तेही चमकते, सुमारे २२ इतके. म्हणजे एम ११० चा सरासरी उजेड तिच्यासमोर पसरलेल्या आकाशाच्या उजेडाहूनही कमी आहे!

५/
‘प्रत’ ही कल्पना फार जुनी. ग्रीक परंपरेत डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांचे सहा वर्ग होते. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे. या अंदाजी वर्गांना गणिताचा पाया नॉर्मन पॉगसन याने १८५६ मध्ये दिला : ५ प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात नेमका १०० पट फरक. त्यामुळे एका प्रतीचा फरक सुमारे २.५१२ पट होतो. हाच पॉगसन १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला आणि तेथून त्याने शोधलेल्या लघुग्रहाला ‘एशिया’ हे नाव मिळाले. १८९१ मध्ये त्याचा मृत्यूही मद्रासलाच झाला.

६/
पृष्ठीय तेजस्वितेचा एक गुण विलक्षण आहे. एखादी दीर्घिका उचलून दुप्पट अंतरावर नेली तर तिचा प्रकाश चौथाईवर येतो. पण तिने व्यापलेले आकाशाचे क्षेत्रही चौथाईच होते. भागाकार जिथल्या तिथे राहतो! चुन्याची भिंत दहा पावलांवरून पाहा किंवा शंभर पावलांवरून. ती लहान दिसेल, मळकट दिसणार नाही. म्हणून अंतर ठाऊक नसतानाही दोन दीर्घिकांची या एका बाबतीत तुलना करता येते. इतिहासात या गुणाचा उपयोग झालाही, आणि तोही दीर्घिका म्हणजे काय हे ठरण्याच्या आधी.

७/
त्यासाठी आधी डोळा बाजूला ठेवावा लागला. डोळा उजेडाची तुलना बरी करतो, मोजमाप मात्र वाईट करतो. छायाचित्रणाच्या काचा आल्या, पण त्यांचीही खोड होती : दुप्पट प्रकाश पडला म्हणून काच दुप्पट काळी होत नाही. फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या इंग्लंडमधल्या दोन रसायनतज्ज्ञांनी १८९० मध्ये प्रकाश आणि काळेपणा यांच्यातील नाते वक्ररेषेने मांडले. पुढे खगोलविद काचेच्या कडेला ठरावीक उजेडाचे ठिपके उमटवू लागले. त्या ठिपक्यांच्या मापाने उरलेल्या काचेचा काळेपणा वाचता येऊ लागला.

८/
१९१३ मध्ये जॉन रेनॉल्ड्स याने देवयानीच्या मध्यभागाचा उजेड केंद्रापासून बाहेर कसा उतरत जातो, याचा आलेख छायाचित्रावरून मोजून प्रसिद्ध केला. रेनॉल्ड्स बर्मिंगहॅमचा उद्योजक, खगोलशास्त्रात हौसेने रमलेला. त्या वेळी देवयानी हा आपल्याच आकाशगंगेतील वायूचा भोवरा आहे की तिच्याबाहेरचे ताऱ्यांचे स्वतंत्र विश्व, हा वाद मिटलेला नव्हता. अंतर कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही त्याचा आलेख टिकला, कारण पृष्ठीय तेजस्वितेला अंतर लागतच नाही.

९/
१९२५ च्या पहिल्याच दिवशी एडविन हबल याचा निबंध अमेरिकेतील खगोलविदांसमोर वाचला गेला. देवयानीतील स्पंदन पावणाऱ्या ताऱ्यांवरून तिचे अंतर निघाले होते, आणि ती आकाशगंगेच्या फार पलीकडे होती. रेनॉल्ड्सने नकळत एका परक्या दीर्घिकेचे मोजमाप केले होते. १९३० मध्ये हबलने लंबगोल दीर्घिकांचा उजेड कसा उतरतो याचे सूत्र मांडले. त्याचा साचा रेनॉल्ड्सचाच होता, म्हणून आजही त्या सूत्राला दोघांची नावे जोडतात.

१०/
याच सुमारास अंतराबाबतच्या त्या नियमाला एक मोठा अपवाद पुढे आला. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबडा होतो, तो विश्व प्रसरण पावते म्हणून, असे एक मत होते. फ्रिट्झ झ्विकी याने १९२९ मध्ये वेगळी शक्यता मांडली : लांबच्या प्रवासात प्रकाशच शक्ती गमावत असावा. रिचर्ड टोलमन याने दोन्ही मतांना एका कसोटीवर आणले. विश्व प्रसरण पावत असेल तर तरंगलांबी दुप्पट होण्याइतक्या अंतरावर पृष्ठीय तेजस्विता १६ पट घटली पाहिजे. प्रकाश नुसता थकत असेल तर ती केवळ २ पट घटेल.

११/
कसोटी कागदावर सोपी होती. १९३५ मध्ये हबल आणि टोलमन यांनी मिळून तिची चर्चा केली, पण त्या काळच्या काचांवर इतक्या दूरच्या दीर्घिका विश्वासाने मोजणे शक्य नव्हते. शिवाय दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे. तरुण दीर्घिका मुळातच अधिक उजळ असतात, ती दुरुस्तीही हवी. २००१ मध्ये लोरी लुबिन आणि ॲलन सँडेज यांनी अवकाश दुर्बिणीच्या साहाय्याने ही तुलना पूर्ण केली. निकाल प्रसरणाच्या बाजूने लागला. कसोटी मांडल्यापासून निकालापर्यंत सुमारे ७० वर्षे गेली.

१२/
दरम्यान एक साधा वाटणारा प्रश्न सर्वांना छळत होता : दीर्घिका संपते कुठे? तिला काठ नाही. जेरार द वोकुलर याने १९४८ मध्ये दाखवले की लंबगोल दीर्घिकांचा उजेड प्रतींत मांडला तर तो त्रिज्येच्या चतुर्थ मुळाच्या प्रमाणात उतरतो. असा उतार शून्याला कधीच टेकत नाही. स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग याने १९५८ मध्ये ३०० दीर्घिकांचे मोजमाप केले आणि २६.५ ही रेषा काठ मानली. तेथे दीर्घिकेचा उजेड काळोख्या आकाशाच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतकाच उरतो.

१३/
द वोकुलर दाम्पत्य आणि हॅरॉल्ड कॉर्विन यांच्या १९७६ च्या सूचीने २५ ही रेषा रूढ केली. दीर्घिकांचे ‘व्यास’ आजही पुष्कळदा तिथपर्यंतच सांगतात. गावाची हद्द शेवटच्या दिव्यापाशी संपते असे धरण्यासारखे हे आहे. सोयीचे, पण अंधूक दीर्घिकांवर अन्याय करणारे : जिचा मध्यच २५ पेक्षा मंद, तिला या मापाने आकारच नाही. म्हणून दुसरे मार्ग निघाले. निम्मा प्रकाश ज्या वर्तुळात सामावतो त्याची त्रिज्या घेणे हा एक. त्याच वर्षी व्हाहे पेट्रोसियन याने सुचवलेला मार्ग दुसरा : एखाद्या कड्यातील उजेड त्याच्या आतल्या सरासरी उजेडाच्या ठरावीक अंशावर येईल तेथे थांबणे.

१४/
तुलनेत आणखीही अडचणी होत्या. तबकडीसारखी दीर्घिका समोरून पाहिली तर तिचे तारे विखुरलेले दिसतात. कडेने पाहिली तर तेच तारे एका पट्टीत दाटतात आणि ती अधिक उजळ भासते. पण तिच्यात धूळ असेल तर कडेने येणारा प्रकाश अडतोही. आपल्या आकाशगंगेची धूळ वेगळीच. शिवाय आकाशाचा उजेड वजा करताना शेकड्यात एकाची चूक झाली, तरी बाहेरच्या भागाचे मोजमाप कोसळते. चाळिसावा भाग शोधायचा असताना शंभराव्या भागाची चूक लहान नसते.

१५/
या पार्श्वभूमीवर १९७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केन फ्रीमन याचा निबंध आला. त्याने ३६ दीर्घिकांच्या तबकड्यांची मोजमापे एकत्र केली. प्रत्येक तबकडीच्या अगदी मध्यावर पृष्ठीय तेजस्विता किती असावी, हे काढले. ३६ पैकी २८ ठिकाणी उत्तर जवळजवळ एकच आले : निळ्या प्रकाशात २१.६५, कमी-अधिक ०.३. दीर्घिका लहान असो वा मोठी, आकडा तोच. निसर्ग सगळ्या तबकड्या एकाच साच्यातून काढतो की काय, असे वाटावे! याला ‘फ्रीमनचा नियम’ म्हणू लागले.

१६/
लंबगोल दीर्घिकांबाबत असाच एक नियम फिश या संशोधकाने १९६४ मध्ये सुचवला होता. दोन प्रकारच्या दीर्घिका, दोन ठरलेले आकडे. सिद्धान्त मांडणाऱ्यांसमोर आव्हान उभे राहिले : दीर्घिकांच्या जन्मात असे काय घडते की सर्वांचा उजेड एका रेषेवर येऊन थांबतो? १९७६ मध्ये माइक डिझ्नी याने ‘नेचर’ या नियतकालिकात वेगळाच प्रश्न विचारला. हा नियम दीर्घिकांचा आहे, की दीर्घिका पाहणाऱ्यांचा?

१७/
त्याचा युक्तिवाद असा. समजा, सगळ्या दीर्घिकांत प्रकाश सारखाच आहे, फक्त पसारा वेगवेगळा. जी फार गच्च, ती काचेवर ताऱ्यासारखा ठिपका दिसेल; तिला कोणी दीर्घिका म्हणणार नाही. जी फार विरळ, ती आकाशाच्या उजेडात बुडेल. या दोहोंच्या मध्ये एक अशी पृष्ठीय तेजस्विता असते, जिथे दीर्घिका काचेवर सर्वांत मोठी आणि ठसठशीत दिसते. डिझ्नीने गणित केले. तबकड्यांसाठी तो आकडा फ्रीमनच्या आकड्याजवळ आला, लंबगोलांसाठी फिशच्या आकड्याजवळ! सूचीत शिरण्याची सर्वाधिक संधी नेमकी त्याच दीर्घिकांना होती.

१८/
इतिहासाच्या अभ्यासकाला हा पेच परका नाही. दगडावर कोरलेले दानलेख टिकतात, ताडपत्रे कुजतात, आणि ज्यांनी काहीच लिहिले नाही त्यांचा माग जवळजवळ राहत नाही. उरलेले दानलेख वाचून ‘त्या काळी सगळे दानच करत होते’ असा निष्कर्ष काढला तर चूक दगडाची नसते, वाचणाऱ्याची असते. डिझ्नीचे म्हणणे एवढेच होते : सूची हा पुरावा आहे, पण तो कोणत्या चाळणीतून आला ते आधी विचारा. मात्र चाळणीतून गळलेले काही हाती आल्याशिवाय हा संशय सिद्ध होणार नव्हता.

१९/
ते हाती आणण्याचे काम डेव्हिड मॅलिन याच्या काळ्या खोलीत झाले. तो मूळचा रसायनतज्ज्ञ, ऑस्ट्रेलियातील अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत छायाचित्रणाचे काम पाहणारा. काचेवरील अत्यंत मंद प्रतिमा द्रवथराच्या वरच्या पापुद्र्यातच असते, हे ओळखून त्याने विखुरलेल्या प्रकाशात काचांच्या प्रती काढल्या आणि अनेक काचांच्या प्रती एकावर एक जुळवल्या. आकाशाच्या उजेडाच्या शंभराव्या भागाइतक्या मंद गोष्टी त्यातून वर येऊ लागल्या. जुन्याच काचा, पण वाचन नवे.

२०/
१९८६ मध्ये ग्रेगरी बोथुन, ख्रिस इम्पी, मॅलिन आणि जेरेमी मोल्ड हे कन्या समूहातील अंधूक बटू दीर्घिका शोधत होते. एका पुसट डागाचा वेग मोजला तेव्हा तो त्या समूहाच्या कितीतरी मागे, १०० कोटी प्रकाशवर्षांहून अधिक दूर निघाला. इतक्या दुरूनही तो एवढा दिसतो, म्हणजे ती बटू नसून प्रचंड दीर्घिका होती. तिच्या तबकडीचा व्यास ५ लाख प्रकाशवर्षांहून मोठा, आकाशगंगेच्या कित्येक पट. आणि तबकडीच्या मध्याचा उजेड फ्रीमनच्या आकड्याहून तीस पटींहून अधिक मंद. १९८७ मध्ये ही ‘मॅलिन १’ जगासमोर आली.

२१/
पुढचा बदल काचेच्या निवृत्तीने झाला. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही चकती कल्पिली. काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशातील जेमतेम शेकडा एक-दोन कण नोंदवत असे. चांगली सीसीडी शेकडा ९० पर्यंत नोंदवते. शिवाय दुप्पट प्रकाशाला ती दुप्पटच उत्तर देते. १९९० च्या दशकात स्टेसी मॅकगॉ आणि सहकाऱ्यांनी अंधूक दीर्घिकांचा पद्धतशीर मागोवा घेतला. ताऱ्यांच्या मानाने त्यांचे वस्तुमान फार जास्त आढळले. त्यांच्यात अदृश्य द्रव्याचे राज्य असावे.

२२/
यातील एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. फ्रीमनने १९७० च्या त्याच निबंधाच्या परिशिष्टात दोन दीर्घिकांच्या भ्रमणाचा वेग पाहून लिहिले होते की मोजमापे खरी असतील, तर तेथे न दिसणारे द्रव्य दिसणाऱ्या द्रव्याइतके तरी असले पाहिजे. एकाच लेखकाच्या एकाच निबंधात एक आकडा दिसणाऱ्यावर विसंबलेला, आणि एक टिपण न दिसणाऱ्याकडे बोट दाखवणारे. आकडा लगेच गाजला. अदृश्य द्रव्याच्या इतिहासात मात्र आज त्या टिपणाचीही आठवण काढली जाते.

२३/
२०१३ च्या सुमारास पीटर व्हॅन डॉकम आणि रॉबर्टो अब्राहम यांनी छायाचित्रकारांची आठ टेलिफोटो भिंगे एकत्र बांधून ‘ड्रॅगनफ्लाय’ उभारली. मोठ्या आरशांत प्रकाश इकडेतिकडे विखुरतो. या भिंगांवरील लेप तो विखुरणे रोखतात. २०१५ मध्ये त्यांना कोमा समूहात ४७ अतिविरळ दीर्घिका सापडल्या. मोठ्यांतल्या मोठ्या आकाराने आकाशगंगेएवढ्या, पण ताऱ्यांचा ऐवज हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. अशा काही सँडेज आणि ब्रुनो बिंगेली यांनी कन्या समूहात १९८४ मध्येच नोंदवल्या होत्या. पण तेव्हा त्यांची एवढी चर्चा झाली नाही.

२४/
मग बरोबर कोण, फ्रीमन की डिझ्नी? दोघेही, आपापल्या मर्यादेत. फ्रीमनच्या आकड्याहून फार उजळ तबकड्या खरोखरच विरळा, म्हणजे त्या बाजूला काही मर्यादा असावी. मंद बाजूला मात्र अशी भिंत नाही. तेथे दीर्घिकांची रांग लांबवर जाते. तरीही विश्वातील ताऱ्यांचा बहुतेक प्रकाश नेहमीच्या, उजळ दीर्घिकांतूनच येतो, असे नंतरच्या सर्वेक्षणांत दिसले. चाळणीने संख्या फसवली, एकूण प्रकाशाचा हिशेब तितका फसवला नाही. चाळणीचा असा वेगवेगळा हिशेब मांडता येणे, हेच या वादाचे फलित.

२५/
चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. अंधूक दीर्घिकांचा पुढचा मोठा शोध तेथूनच अपेक्षित आहे. उलट दिशेने आकाशही बदलते आहे. हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये निघालेल्या अंदाजानुसार २०११ ते २०२२ या काळात रात्रीचे आकाश दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेले. मोठ्या शहरावरचे आकाश काळोख्या आकाशाच्या चाळीस पटही उजळ असू शकते. दीर्घिकेचा प्रकाश तेवढाच येतो. ती बुडते ती माणसाने वाढवलेल्या उजेडात.

२६/
हे घरच्या दुर्बिणीतूनही अनुभवता येते. हिवाळ्याच्या सुरुवातीला शहराच्या कडेवरून लहान दुर्बीण देवयानीकडे वळवा. एम ३२ बहुधा सापडेल : छोटी, गच्च, ताऱ्याचा भास देणारी. एम ११० त्याच चौकटीत असेल, जवळजवळ तेवढाच प्रकाश पाठवत. आणि तरी कदाचित दिसणार नाही. न दिसल्यास ‘नाही’ असे लिहू नका. वहीत तारीख, जागा आणि त्या रात्रीचे आकाश किती काळोखे होते ते लिहा. पुढे ती नोंद वाचणाऱ्याला तुमची चाळणी कळलेली असेल.